रंध्याचं पातं, पटाशी आणि भाजीची सुरी : किंग १०००/६००० धारेचा दगड

सागाचं काम करायचं म्हणजे धार लावण्यातून सुटका नाही. सागाच्या लाकडात सिलिका असते, ती रंध्याचं पातं बघता बघता बोथट करते. माझ्या बाकावर सध्या किंग या जपानी ब्रँडचा १०००/६००० हा जोडदगड असतो. एक बाजू १००० नंबरची, दुसरी ६००० ची; नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक. पटाश्या-रंधे वापरणाऱ्या कुणीही पहिला चांगला दगड कोणता घेऊ असं विचारलं, तर मी हाच सांगते.

हार्डवेअरच्या दुकानातला काळपट कार्बोरंडमचा दगड सगळ्यांच्या ओळखीचा. एक बाजू भरड, दुसरी जरा बारीक. सिलिकॉन कार्बाइड कडक असतं, लोखंड झपाझप खातं. पटाशी खिळ्यावर बसून धारेचा टवका उडाला की मीही तोच घेते. पण त्याच्या बारीक बाजूचेही ओरखडे धारेवर राहतात. तशा पटाशीने फळीचं टोक साफ करायला गेलं की लाकडाचे तंतू कापले जात नाहीत, चुरडतात.

किंगची विटकरी बाजू १००० नंबरची. ती दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजवायची, बुडबुडे थांबले की दगड तयार. घासताना वर राखाडी चिखल जमतो, तो धुऊन टाकू नका, त्यातले सुटे कणही धार लावत असतात. थोड्या वेळाने पात्याच्या पाठीवरून, म्हणजे सपाट बाजूवरून, बोट हलकेच धारेच्या बाहेर न्या. नखाला अडेल अशी पत्र्याची बारीक कोर लागते. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लागायला हवी. मध्ये कुठे तुटली, तर तिथे दगड अजून पोहोचलेलाच नाही. कोर पुरी झाल्याशिवाय ६००० च्या बाजूवर जाण्यात काही अर्थ नाही. त्या बाजूवर नुसतं पाणी शिंपडायचं. तिथे पाठ आरशासारखी होते आणि रंध्यातून अखंड, पातळ साल निघते. पटाशीला मी २५ अंशांचा उतार देते आणि अगदी टोकाशी ३० चा.

आता सपाटीचं. हा दगड मऊ आहे. मऊ असल्यामुळेच नवे कण सतत वर येतात आणि काम लवकर होतं, पण त्याच कारणाने तो मधोमध खोलगट होतो. खोलगट दगडावर पटाशीची पाठ सपाट राहणं अशक्य. जाड काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर ठेवा, दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारा आणि पाणी घालून घासा. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट. रंध्याचं काम असेल तर मी हे दर बैठकीला करते. ज्यांना याचा कंटाळा आहे त्यांनी शॅप्टन या ब्रँडचा नारिंगी १००० नंबरचा दगड घ्यावा. तो भिजवावा लागत नाही आणि बराच काळ सपाट राहतो. पैसे मात्र जास्त मोजावे लागतात आणि बारीक दगड वेगळा घ्यावा लागतो.

फक्त स्वयंपाकघरासाठी हा जोडदगड घेऊ नका, एकटा १००० पुरे. आपल्या नेहमीच्या स्टेनलेस सुऱ्यांचं पोलाद मऊ असतं, ६००० ची झिलई त्यांवर टिकत नाही. शिवाय टोमॅटोच्या सालीला धार थोडी खरबरीतच लागते. सुरीला दगडाचा किंचित खोलगटपणाही चालून जातो. आणि विळी दगडावर घासत बसू नका. विळी घट्ट धरून दगडाचा लहान तुकडा तिच्या पात्याच्या वळणावरून फिरवा.

पाण्याच्या दगडावर तेलाचा थेंबही पडू देऊ नका, आणि वापरून झाल्यावर तो उन्हात ठेवू नका, तडकतो. सावलीत, आडवा, दोन्ही बाजूंना वारा लागेल असा ठेवा.