वॉलआयचा नियम: मापाची खिडकी की ‘एकच मोठा’?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ज्यांची तळ्याकाठी केबिन आहे, किंवा केबिनवाल्या मित्राच्या बोटीत ज्यांची जागा पक्की आहे, त्यांच्यासमोर हा प्रश्न कधी ना कधी येतोच. बोटरॅम्पवर नोटीस लागते: या तळ्यावर वॉलआयसाठी, म्हणजे इथल्या गोड्या पाण्यातल्या लाडक्या माशासाठी, नवा नियम प्रस्तावित आहे, आपलं मत कळवा. मग तळ्याच्या संघटनेची बैठक होते, दोन तट पडतात आणि एखादे आजोबा ‘आमच्या वेळी’ने सुरुवात करतात. मीही अशा एका नोटिशीला उत्तर लिहून पाठवलं आहे. कोणत्या बाजूने ते पुढे येईलच, पण समोरच्या बाजूतही दम आहे आणि ती कधीकधी बरोबरही असते, हे आधीच सांगून ठेवतो.

परवाना, मे महिन्यातलं ओपनर, म्हणजे हंगामाचा पहिला दिवस, वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. राज्यभर रोज जास्तीत जास्त सहा वॉलआय ठेवायचे हा नियम 1956 मध्ये आला, आणि बैठकीत निम्मा वेळ त्या आकड्यावरच जातो. माझ्या मते तो वेळ वाया जातो. सहाचे चार केले तरी बहुतेकांना फरक पडत नाही, कारण बहुतेक जण घरी एखाद-दुसराच मासा नेतात. खरी निवड मापाच्या नियमाची असते.

पहिला प्रकार म्हणजे खिडकी. मासा ठरलेल्या दोन मापांच्या मध्ये बसला तर ठेवायचा, त्याहून लहान किंवा मोठा असला तर परत पाण्यात. याचं ठळक उदाहरण मिल लॅक्स हे तळं. 2014 मध्ये तिथे 18 ते 20 इंचांतले दोन ठेवता यायचे, 2015 मध्ये 19 ते 21 इंचांतला एकच, आणि 2019 मध्ये 21 ते 23 इंचांतला एक, तोही फक्त मे महिन्यात. 28 इंचांवरच्या एखाद्या अजस्र माशाची सवलत कधी असायची, कधी नसायची. याच खिडकीचा उलटा अवतार लेक ऑफ द वुड्सवर आहे. तिथे साडेएकोणीस ते 28 इंचांमधले सगळे सोडायचे आणि त्याखालचे ठेवायचे.

दुसरा प्रकार साधा आहे. रोजचा आकडा ठरवायचा आणि त्यातला 20 इंचांवरचा एकच असावा म्हणायचं. लीच लेकने दोन्ही पाहिलं आहे. 2005 मध्ये तिथे 18 ते 26 इंचांचे मासे सोडायचा नियम लागला, 2014 मध्ये तो 20 ते 26 असा सैल झाला, आणि 2019 मध्ये तोही काढून ‘रोज चार, वीसवर एकच’ असं ठरलं.

तिसरा, किमान आकाराचा नियम आपल्या लोकांना लगेच पटतो, कारण तो ओळखीचा आहे. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये समुद्रातल्या 54 जातींना किमान आकार ठरवून दिला, त्यात पापलेटला 135 मिलिमीटर. ओहायोत लेक इरीवर वॉलआय 15 इंचांचा झाल्याशिवाय ठेवता येत नाही. पण इरीचं पाणी उबदार, खाणं मुबलक, मासा भराभर वाढतो. उत्तरेकडच्या थंड तळ्यांत वॉलआय रेंगाळत वाढतो, आणि किमान माप ठेवलं की सगळे गळ त्या मापाच्या जरा वरच्या माशांवर तुटून पडतात. त्यामुळे हा पर्याय मी फार वेळ घोळवला नाही.

आता खिडकीची बाजू. वॉलआयची मादी उत्तरेत साधारण चार-पाच वर्षांनी अंडी घालायला लागते, आणि मोठ्या माशांत बहुतांश माद्याच असतात. त्यांना हात लावू नका, हे कोणालाही पटेल. एखाद्या वर्षी जन्मलेली पिढी जोरदार निघाली तर खिडकी तिला आडोसा देते. मिल लॅक्सवर 2013 ची पिढी अशीच जपली गेली. शिवाय तिथे नुसत्या हौशी लोकांच्या मर्जीचा प्रश्न नाही. 1837 च्या करारातले ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवाशांचे मासेमारीचे हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये कायम ठेवले. त्यामुळे राज्य आणि आठ ओजिब्वे जमाती मिळून दरवर्षी किती पौंड वॉलआय काढता येतील ते ठरवतात. राज्याच्या वाट्याला मोजके पौंड आले त्या वर्षांत ते पुरवायला काहीतरी अरुंद माप लावावंच लागलं. तेव्हा तिथे बसून ‘नियम सोपा करा’ म्हणणं फुकटचं होतं.

आणि खिडकीने, म्हणजे तिच्या उलट्या अवताराने, काम केल्याचं उदाहरणही आहे. अप्पर रेड लेकमधला वॉलआय नव्वदच्या दशकात जवळजवळ संपला. 1999 मध्ये वॉलआयची मासेमारी पूर्ण बंद झाली, रेड लेक जमात आणि राज्याने मिळून पिल्लं सोडली, आणि 2006 मध्ये तळं पुन्हा उघडलं. तेव्हा रोज फक्त दोन मासे, आणि 17 ते 26 इंचांचे सगळे परत. आज तिथे हिवाळ्यात बर्फावर झोपड्यांचं गाव वसतं. एवढं बसलेलं तळं उठवायचं असेल तर मीही खिडकीलाच मत देईन.

पण बहुतेक तळी अशी बसलेली नसतात. ती फक्त गजबजलेली असतात. आणि इथेच मला खिडकी डाचायला लागली.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचं पाणी कोमट झालेलं असतं. बॉबरखाली, म्हणजे तरंगत्या बोंडाखाली, गळाला जळू लावून सोडलेली, मासा हळूच घेतो, तुम्ही क्षणभर उशिरा ओढता आणि गळ घशात खोल जातो. वर काढता तर कल्ल्यातून रक्त. पट्टीवर ठेवता तर खिडकीच्या अर्धा इंच अलीकडे. कायदा इथे स्वच्छ आहे: मापात नसलेला मासा कोणत्याही अवस्थेत असो, तो लगेच पाण्यात गेला पाहिजे. मग तुम्ही तो सोडता, तो कुशीवर वळतो, दोनदा शेपूट हलवतो आणि पांढरं पोट वर करून वाऱ्याबरोबर निघून जातो. सीगल वाटच पाहत असतात. खोल पाण्यातून काढलेल्याची अवस्था आणखी वाईट. तीसेक फुटांखालून वर आणलं की आतली हवेची पिशवी फुगते. वॉलआयला ती पटकन रिकामी करता येत नाही, त्यामुळे वरून धडधाकट दिसणारा मासाही खाली जाऊ शकत नाही.

एका उन्हाळ्यात वेंगुर्ल्याच्या माझ्या सासूबाई बोटीत होत्या. असे दोन मासे ओळीने तरंगत गेले तेव्हा त्यांनी विचारलं, “मेलेला परत का टाकताय?” मी पिढी, मादी, पुनरुत्पादन असं बरंच काही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला, “मग अंडी कोण घालणार, हा?”

हे एका बोटीपुरतं रडगाणं वाटेल, म्हणून मिल लॅक्सचंच 2016 साल पाहा. त्या उन्हाळ्यात राज्याच्या परवान्यावर एकही वॉलआय घरी न्यायची मुभा नव्हती. पकडा आणि सोडा. तरीही राज्याचा 28,600 पौंडांचा वाटा ओलांडला गेला, कारण सोडल्यानंतर मरणारे मासेही हिशेबात धरले जातात. म्हणजे कोणाच्या ताटात काही पडलं नाही आणि वाटा संपला. पुढच्या वर्षी, 2017 मध्ये, ऐन जुलैत वॉलआयची मासेमारीच काही काळ बंद ठेवावी लागली. ऐन उन्हाळ्यात पकडून सोडणं आणि मारणं यातलं अंतर किती कमी असू शकतं, ते तिथे पौंडांत मोजलं गेलं.

‘एकच मोठा’मध्ये ही कटकट पूर्ण जात नाही, पण खूप कमी होते. घशात गळ गेलेला सोळा इंची मासा मी बर्फपेटीत टाकतो आणि माझ्या चारांतला एक संपतो. विषय मिटला. मोजपट्टीही फक्त वीसच्या आसपास लागते. खिडकीच्या तळ्यावर प्रत्येक मासा दोन टोकांना मोजावा लागतो, शेपटीची टोकं जुळवून धरावी लागतात, आणि पाव इंचावरून चांगले मित्र एकमेकांकडे संशयाने बघतात. तोवर मासा हवेत आ वासून असतो, हे वेगळंच.

आणि एक स्वार्थाचा मुद्दा आहे, तो लपवत नाही. खायला चांगला वॉलआय पंधरा ते अठरा इंचांचा. तांदळाचं पीठ आणि रवा लावून तव्यावर टाकला की त्याचे तुकडे सुबक निघतात, आणि नॉर्दर्न पाइकसारखे वाय आकाराचे काटे निवडत बसावं लागत नाही. पंचवीस इंची मासा फोटोत शोभतो. ताटात तो जाडाभरडा लागतो, आणि मोठ्या माशांत पारा जास्त साठतो म्हणून राज्याचं आरोग्य खातंही ते कमी खा म्हणतं. म्हणजे खाणाऱ्याचा कल आपोआपच लहान माशाकडे असतो. 21 ते 23 इंचांची खिडकी मात्र नेमका खाऊ नये तो मासा हातात देते.

‘एकच मोठा’च्या खोडीही सांगायला हव्यात. लोक पहिले तीन चटकन घेतात आणि चौथ्याच्या जागेसाठी दिवसभर मोठे पकडून सोडत बसतात. त्यातलेही काही मरतातच, आणि ते कोणी मोजत नाही. बोटीपुढचे मासे पडद्यावर दाखवणारं ‘सोनार’ यंत्र आल्यापासून मोठ्या माद्या शोधणं सोपं झालं आहे, तेव्हा वीसवरचा एक हाही कदाचित जास्त ठरेल. उलट खिडकीवर अशीही टीका झाली आहे की मिल लॅक्समध्ये अरुंद मापामुळे सगळा भार ठरावीक आकाराच्या, त्यातही नर माशांवर पडला. पण 2005 मध्ये झेब्रा मसल हे बाहेरून आलेले शिंपले सापडल्यापासून तिथलं पाणी नितळ होत गेलं आणि सगळं गणितच हललं. त्यामुळे तो दोष एकट्या नियमाच्या माथी मारणं मला पटत नाही.

तेव्हा मत लिहिण्याआधी आपल्या तळ्याकडे बघा. माणसं मुख्यतः मे-जूनमध्ये, उथळ गार पाण्यात, जिग, म्हणजे वजन लावलेला गळ, टाकून मासे धरत असतील, तर सोडलेले मासे बहुधा जगतील आणि खिडकीचा तोटा फारसा जाणवणार नाही. एखाद्या पिढीवर सगळी भिस्त असेल तरी तीन-चार वर्षं खिडकी सोसावी. पण जुलैत पॉन्टून बोटींची जत्रा भरत असेल, लहान मुलं बॉबर टाकून बसत असतील आणि मासे खोलातून वर येत असतील, तर सोडायला लावणारा नियम जितका कमी तितकं बरं, असा माझा अनुभव आहे. मोजमाप माझ्याकडे नाही. जे पाहिलं ते सांगतो.

मी फॉर्मवर लिहिलं ते इतकंच: रोज चार, वीस इंचांवरचा एक. आणि खिडकी आणायचीच असेल, तर ती जूनअखेर उठवा आणि उरलेल्या उन्हाळ्यात पहिले दोन मासे, कोणत्याही मापाचे असोत, ठेवून गळ गुंडाळायला सांगा. ही दुसरी सूचना बैठकीत कोणाला आवडली नाही. दोन माशांवर घरी जायला कोण तयार होणार, असं एकाने विचारलं, आणि त्याचंही बरोबर होतं.