वर्धा रोडवरचं ‘इंग्लिश फार्महाऊस’: छप्पर झकास, भिंती नुसता देखावा

नागपुरात भाड्याने मिळणारं हे घर फोटोत दिसतं तसंच आहे: पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडी पट्ट्या, उतरती कौलं, विटांचं धुराडं.

जमलंय ते छप्पर. चपट्या कौलांना इंग्लंडात साधारण ४५ ते ५० अंशांचा उतार देतात. तो कमी पडला की वारा पाणी कौलांखाली ढकलतो. इथे उतार तेवढाच ठेवलाय, म्हणून जुलैच्या झडीतही पोटमाळा कोरडा. अपवाद धुराड्याचा. तिथला सांधा नुसत्या सिमेंटने भरलाय, तो तडकून गळतो. विटांच्या दरजांत शिशाचा पत्रा खोचायला हवा होता. शिवाय धुराडं शोभेचंच. मूळ इंग्लंडातल्या केंटमधल्या बे-लीफसारख्या १५व्या शतकातल्या शेतघरांना धुराडी नव्हतीच. धूर छपरातून जायचा.

पट्ट्यांची मात्र गंमत आहे. अस्सल घरात तो सांगाडा असतो: ओल्या ओकचे खांब आणि तुळया, खाचेत कूस (तुळईचं कोरून बारीक केलेलं टोक) बसवून लाकडी खुंटीने आवळलेल्या. खुंटीसाठी खाचेत आणि कुशीत पाडायची भोकं मुद्दाम एकमेकांपासून किंचित सरकवून पाडतात, म्हणजे खुंटी ठोकताच सांधा घट्ट ओढला जातो. मधल्या चौकटींत फांद्यांचा कूड आणि वर माती, गवत, शेणाचा लेप. आपल्या कुडाच्या भिंतीचीच जात. इथे सिमेंटच्या गिलाव्यावर फळ्या स्क्रूने चिकटवल्यात. पाणी मागे शिरतं, वाळायला वाट नाही. पश्चिमेच्या भिंतीवर रंग फुगलाय आणि जमिनीला टेकलेल्या फळीला वाळवी लागलीय. फळीमागे १० ते १२ मिमी फट, खाली किमान १५० मिमी अंतर आणि कापलेल्या टोकांना आधीच तेल, एवढं केलं असतं तर भागलं असतं. सगळीकडे काळा रंग फासायचीही गरज नव्हती. तिकडे पुष्कळ घरांत ओक राखाडीच ठेवतात.

खिडक्या बारक्या, शिशाच्या जाळीच्या. तिथल्या थंडीला ठीक, पण मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ पार करतो. कूलरची हवा बाहेर पडायला समोर झडप नाही, त्यामुळे तासाभरात खोली दमट होते. खालच्या दिवाणखान्यात दोन्ही बाजूंना दारं आहेत, तिथे कूलर चालतो. उन्हाळ्यात गेलात तर वरच्या खोल्या घेऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पूर्वेकडची वरची खोली मागून घ्या.