लेक्सस एनएक्स ३००एच: नवे टायर टाकून एक पावसाळा काढल्यावर

आमच्या २०१८च्या एनएक्स ३००एचला, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड एसयूव्हीला, मे २०२५च्या सुरुवातीला चारही टायर नवे टाकले. लगेच लिहिलं नाही, कारण पहिल्या महिन्यात कुठलाही नवा टायर झकासच वाटतो. आता अख्खा पावसाळा, दिवाळीतलं कोकण आणि मुलुंड ते नरिमन पॉइंटची नेहमीची ये-जा झाली आहे, तेव्हा बोलायला हरकत नाही. टायरच्या कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की सगळी चर्चा नावावरच जाते, आणि मला त्यापेक्षा टायरच्या भिंतीवर जे कोरलेलं असतं त्याबद्दल बोलायचं आहे.

आधीचे टायर गाडीसोबत आलेलेच होते. नक्षी, म्हणजे चरांची खोली, अजून तीनेक मिलिमीटर शिल्लक होती. कायद्याची मर्यादा १.६ मिमी, म्हणजे कागदावर ते अजून चालले असते. पण २०२४च्या पावसाळ्यात ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर पांढऱ्या पट्ट्यांवरून ब्रेक मारला की गाडी अर्धा क्षण विचार करायची. सोसायटीत आमचं पार्किंग उघड्यावर, दुपारचं ऊन थेट उजव्या बाजूवर. त्या बाजूच्या दोन्ही टायरांवर बारीक चिरा दिसायला लागल्या होत्या. मुंबईत आपलं रनिंग कमी असतं, त्यामुळे टायर घासून संपत नाही, म्हातारा होऊन संपतो. रबर कडक झालं की नक्षी कितीही खोल असो, ओल्यात धरत नाही. त्यामुळे किलोमीटर मोजत बसण्यात मला फार अर्थ वाटत नाही.

खरी कटकट साइजची. या गाडीला २२५/६० आर १८ लागतो (रुंदी २२५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १८ इंची), लोड इंडेक्स १००, स्पीड रेटिंग एच. लोड आणि स्पीडचा अर्थ, प्रत्येक टायरला ८०० किलो आणि ताशी २१० किलोमीटरपर्यंत. आपल्याकडे ही साइज फार गाड्यांना नाही. भाच्याकडे टाटा सफारी आहे, २३५/६० आर १८. तो पहिल्या दिवसापासून मागे लागला होता, "मामा, माझ्या साइजचे टाका, कुठल्याही दुकानात मिळतात, वर स्वस्त." हिशेब केला. आपला टायर उभा मोजला तर सुमारे ७२७ मिमी, त्याचा ७३९. फरक दीड टक्क्याहून थोडा जास्त. रिमवर बसला असता, गाडी चाललीही असती. पण त्या साइजमध्ये मला जे दाखवले ते सगळे जास्त वजनाच्या डिझेल गाड्यांसाठीचे, एक्स्ट्रा लोडवाले, भिंती कडक. ज्या गाडीत माणूस आरामासाठी पैसे मोजतो तिला असे टायर घालणं पटेना. शिवाय उद्या इन्शुरन्सवाल्याने साइजवरून फाटे फोडले तर उत्तर काय देणार? २३५/५५ आर १८ हा दुसरा पर्याय, तो तितकाच लहान पडतो. कंपनीची साइजच ठेवायची असं ठरलं.

मग शोधाशोध. मुलुंड, ठाणे, शेवटी कुर्ल्याचा सीएसटी रोड. जून २०२०पासून परदेशी टायरांच्या आयातीला सरकारी लायसन्स लागतं आणि आयएसआय मार्क तर त्याच्या आधीपासूनच सक्तीचा आहे. त्यामुळे कमी खपाच्या साइज एकतर येत नाहीत, किंवा येतात आणि गोदामात पडून राहतात. एका दुकानात नावाजलेल्या ब्रँडचे चार टायर चकाचक पुसून समोर मांडले, भावही बरा सांगितला. मी खाली वाकून भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचले: ३१२२. म्हणजे २०२२चा एकतिसावा आठवडा. जवळजवळ तीन वर्षांचा माल. "साहेब, टायर काय दूध आहे का नासायला?" असं उत्तर आलं. नासत नाही हे खरं, पण नव्या मालाचे पैसे देऊन तीन वर्षं वयाचा टायर का घ्यायचा? दुसऱ्या एका दुकानदाराने २०२५चाच माल मागवून देतो म्हणून सांगितलं. दोनेक आठवडे लागले, पण चारही टायरांवर एकच आठवडा होता.

तोच दुकानदार मुळात म्हणत होता की पुढचे दोनच टाका, मागचे अजून चालतील. यावर बराच खल झाला. एनएक्स ३००एचमध्ये मागच्या चाकांना स्वतंत्र मोटर आहे, पुढून मागे जाणारा शाफ्ट नाही. त्यामुळे जुन्या-नव्या टायरांच्या उंचीत फरक पडला म्हणून काही मोडण्याची भीती नेहमीच्या फोर व्हील ड्राइव्हपेक्षा कमी. पण ओल्या रस्त्यावर पुढचे दोन पकडताहेत आणि मागचे दोन घसरताहेत ही अवस्था कुठल्याही गाडीत वाईट. दोनच घ्यायचे झाले तर नवे मागे टाकतात, पुढे नाही, हे बऱ्याच दुकानांत उलटंच सांगतात. मी चारही घेतले. एकाला वीस हजारांच्या आसपास पडले.

प्रकार निवडताना एकच गोष्ट धरून ठेवली, आवाज. ही गाडी सायन-माटुंग्याच्या ट्रॅफिकमध्ये बराच वेळ बॅटरीवर सरकते. इंजिन बंद असतं, मग कानाला एसी आणि टायर एवढंच उरतं. डिझेल गाडीत जी घरघर इंजिनाखाली दबते ती इथे उघडी पडते. म्हणून स्पोर्ट प्रकारचे डब्ल्यू रेटिंगवाले बाद केले. ताशी २७० किलोमीटरचा टायर घेऊन एक्सप्रेसवेवर शंभरच्या मर्यादेत चालवायचं, यात फायदा कोणाचा? मोठ्या गोट्यांचे ऑल टेरेनही बाद, गाडी डोंगरात जाणार नव्हती. घेतले ते टूरिंग प्रकारचे: नक्षी बारीक, मध्ये चार सरळ खोल चर, रबर मऊ.

आवाजाबाबत निकाल असा: डांबरी रस्त्यावर फरक पहिल्याच दिवशी कळला. मागे बसणारी मंडळी पुन्हा हळू आवाजात बोलायला लागली, एवढं पुरे. नव्या काँक्रीट रस्त्यांवर मात्र फरक निम्माच. आडव्या रेषा ओढलेल्या काँक्रीटवर कुठलाही टायर गुणगुणतोच, आणि महापालिकेने आता सगळीकडे काँक्रीटच करायला घेतलं आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर साठ ते सत्तरच्या दरम्यान एक सूर लागतो, ऐंशीनंतर वाऱ्याच्या आवाजात बुडतो. हा या टायरचा दोषच म्हणायचा. मला तो खपतो, पण घेणाऱ्याला माहीत असावा.

पावसात मात्र पैसे वसूल. २०२५चा पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, इतक्या लवकर आला की टायर जेमतेम रुळले होते. मेट्रोच्या कामाच्या लोखंडी पट्ट्या, पेव्हर ब्लॉक, पुलांचे सांधे, अमर महलच्या उतारावर अचानक थांबणारी रिक्षा... आदल्या वर्षी जिथे एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली थरथरायचं तिथे आता गाडी निमूट थांबते. ब्रेकिंगची सुरुवात हायब्रिडमध्ये मोटर करते, ब्रेकचे पॅड नंतर लागतात, पण जोर शेवटी रस्त्यावर टायरच लावतो. पॅड वर्षानुवर्षं टिकतात म्हणून लोक टायरकडे बघत नाहीत, तो हिशेब चुकीचा आहे. ऑगस्टमधल्या अतिवृष्टीच्या दोन दिवसांत, मोनोरेल मध्येच अडकली होती तेव्हा, गाडी बाहेर काढलीच नाही. साचलेल्या पाण्याला टायर हे उत्तर नव्हे, आणि या गाडीची बॅटरी मागच्या सीटखाली आहे.

अॅव्हरेज घसरलं. शहरात लिटरमागे पंधराच्या आसपास मिळायचं, ते पहिले दोन महिने चौदाच्या खाली होतं. यातला थोडा भाग निव्वळ आकड्यांचा खेळ आहे. घासलेल्या टायरचा व्यास नव्यापेक्षा साधारण दहा मिमी कमी, म्हणून तो तेवढ्याच अंतरात जास्त फिरतो आणि गाडी अंतर जास्त मोजते. नव्या टायरवर तीच मोजणी सव्वा-दीड टक्का खाली येते. बाकीची घट खरी: खोल नक्षी, मऊ रबर, जास्त रोध. आता साडेचौदापर्यंत परत आलंय. त्या अर्ध्या किलोमीटरच्या बदल्यात ओल्यातली पकड मिळत असेल तर मी दर वेळी पकडच घेईन. ज्यांना अॅव्हरेजच हवं त्यांच्यासाठी लो रोलिंग रेझिस्टन्सवाले, म्हणजे कमी रोधाचे टायर मिळतात.

खड्ड्यांचं म्हणाल तर घोडबंदर रोडवर एक जबरदस्त आदळली. रिम वाचली, टायरला फुगा आला नाही. ६० प्रोफाइलमुळे भिंत १३५ मिमीची आहे, ती मार खाते. फुगा आला की आतले धागे तुटलेले असतात, तो टायर दुरुस्त होत नाही, आणि साध्या इन्शुरन्समध्ये नुसता टायर बसत नाही, त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. दिसायला भारी म्हणून या गाडीला वीस इंची अलॉय लावणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार.

हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी गाडी थंड असताना. पंपावरचा मुलगा मोठी गाडी बघून चाळीस पीएसआय भरायला निघतो, त्याला थांबवावं लागतं. नायट्रोजनला पैसे दिले नाहीत, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. चाकांचं अलाइनमेंट टायर टाकतानाच केलं, रोटेशन (टायरांची पुढे-मागे अदलाबदल) पावसाळ्यानंतर. पुढचे टायर मागच्यांपेक्षा किंचित जास्त झिजले होते, या गाडीत ते अपेक्षितच.

एक सल राहिला. सप्टेंबर २०२५मध्ये टायरवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला. भाच्याने त्याच आठवड्यात सफारीला नवे टाकले आणि बिलाचा फोटो मला पाठवला. पण पावसाळ्याआधीच टायर हवे होते, त्यामुळे तुलनेला अर्थ नाही, असं मी त्याला कळवलंय.

स्टेपनी अजून जुनीच आहे, गाडीइतक्याच वयाची, रस्त्याला कधी लागलेली नाही. नक्षी कोरी करकरीत, रबर मात्र नखाने दाबलं तर दबत नाही. येत्या मेच्या आत तीही बदलणार आहे. या साइजचा एकच टायर, चालू वर्षाचा, कोणाला मुंबई-ठाण्यात कुठे दिसला तर जरूर सांगा.