एका अक्षरावर पारखलेली विक्शनरी

चिनी अक्षरांचे कोश पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही फार विद्वत्तापूर्णही आहेत. परंतु एकच अक्षर चीन, जपान, कोरिया आणि व्हिएतनाम या चारही देशांच्या भाषांत कसे रुजले हे एका पानावर आणि विनामूल्य पाहायचे असेल, तर इंग्रजी विक्शनरीचे नाव आधी घ्यावे लागते. डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेला हा ऑनलाइन कोश स्वयंसेवक लिहितात, त्यामुळे त्याची सरसकट स्तुती किंवा निंदा करण्यात अर्थ नाही. एखादे पान नीट वाचावे आणि मत बनवावे हे बरे. मी त्यासाठी ‘पूर्व दिशा’ या अर्थाचे, मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, ‘दोंग’ असे उच्चारले जाणारे आठ रेघांचे अक्षर निवडले, कारण त्याच्या उगमाची प्रचलित हकिकत जितकी गोड आहे तितकीच चुकीची आहे.

झाडामागून उगवणारा सूर्य म्हणजे पूर्व, असे नवशिक्यांना हमखास सांगितले जाते. अक्षराच्या आजच्या रूपात झाडाचे चिन्ह आणि त्याच्या मधोमध सूर्याचे चिन्ह खरोखरच दिसते, आणि इसवी सन १०० च्या सुमारास शू शेन याने सिद्ध केलेल्या ‘शुओवेन चिएत्झी’ या कोशातही दुसऱ्या एका जाणकाराच्या नावाने हेच स्पष्टीकरण नोंदवलेले आहे. शू शेनला दोष देता येणार नाही. शांग या प्राचीन चिनी राजवंशाच्या काळातील भविष्य पाहण्याची कोरीव हाडे तेव्हा चीनमधल्या आन्यांगच्या मातीखाली होती आणि विद्वानांचे लक्ष त्यांच्याकडे १८९९ मध्ये गेले. त्या हाडांवर या अक्षराच्या जागी दोन्ही टोके बांधलेली पिशवी दिसते. तिथे ना झाड आहे ना सूर्य. दिशेचे चित्र काढता येत नाही, म्हणून उच्चाराने जवळ असलेल्या वस्तूचे चिन्ह दिशेसाठी उसने घेतले गेले, असे आज मानले जाते. विक्शनरीचे खरे मोल इथे कळते: हाडांवरील, कांस्यपात्रांवरील, बांबूच्या पट्ट्यांवरील आणि मुद्रालिपीतील (शिक्क्यांवर दिसणाऱ्या जुन्या लिपीतील) रूपे ती एका तक्त्यात शेजारीशेजारी मांडते, आणि पिशवीचे पुढे झाड कसे झाले हे वाचकाला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येते. छापील शालेय कोशात ही सोय क्वचितच मिळते.

उच्चाराचा विभाग तितकाच भरगच्च आहे, किंबहुना जरा जास्तच. मँडरिन, कँटोनीज, हक्का, मिन आणि वू या शाखांतील उच्चार एका घडी घातलेल्या चौकटीत आहेत. ती उलगडली की मध्ययुगीन चिनीची माहिती समोर येते. यमकांच्या जुन्या कोशांत पहिल्याच यमकगटाला या अक्षराचे नाव दिलेले आहे, आणि १००८ च्या ‘ग्वांगयुन’मध्ये त्याचा उच्चार दोन अक्षरांनी सांगितला आहे: पहिल्याचे आद्य व्यंजन घ्यायचे आणि दुसऱ्याचा उरलेला भाग. आजच्या मँडरिनमध्येही ‘द’ आणि ‘होंग’ यांपासून ‘दोंग’ तयार होतो, फक्त सूर, म्हणजे आवाजाचा चढउतार, जुळत नाही. याखाली निरनिराळ्या अभ्यासकांनी पुनर्रचित केलेले प्राचीन उच्चार दिले आहेत, पण ते एकमेकांशी का जुळत नाहीत हे समजावणारे चार शब्द तिथे नाहीत. भाषाशास्त्र न शिकलेल्या वाचकाला ती रांग कोड्यासारखी वाटेल.

जपानी विभाग मला सर्वांत समाधानकारक वाटला. चीनमधून आलेला ‘तो’ हा उच्चार, शुद्ध जपानी ‘हिगाशी’, आणि पूर्वेकडील प्रांतांसाठीचा जुना ‘आझुमा’ हे तिन्ही वेगळे ठेवले आहेत. विशेष म्हणजे ‘हिगाशी’च्या जुन्या रूपात ‘सूर्याकडे तोंड’ असा अर्थ दडलेला आहे, म्हणजे अक्षरात नसलेला सूर्य जपानी शब्दात मात्र आहे. कोरियन विभाग त्यामानाने तोकडा आहे. कोरियन परंपरेत अक्षराचे नाव ‘अर्थ आणि उच्चार’ अशा जोडीने सांगतात. इथे अर्थासाठी येणाऱ्या ‘दोंग-न्योक’ शब्दातही चिनी ‘दोंग’ आहेच, आणि ‘न्योक’ तेवढा देशी. व्हिएतनामी ‘डोंग’चा विभागही आटोपशीर आहे.

उपयोगांची यादी लांबलचक असूनही मार्गदर्शनात कमी पडते. प्राचीन चिनी शिष्टाचारात यजमान पूर्वेकडच्या पायऱ्यांनी चढे आणि पाहुणा पश्चिमेकडच्या, म्हणून आज घरमालक आणि भागधारक या दोन्ही अर्थांच्या चिनी शब्दांत ‘पूर्व’ आहे; मात्र अशा नित्याच्या शब्दांशेजारीच एखादे अडगळीतले ग्रामनामही त्याच आकाराच्या टाइपात उभे असते. ‘पूर्व राजधानी’ ही जोडी घ्या. चीनमधील उत्तर सोंग राजवंशाच्या काळातील खायफेंग, पंधराव्या शतकातील हानोई आणि १८६८ मध्ये एदोचे नाव बदलून झालेले टोकियो ही तिन्ही शहरे त्याच दोन अक्षरांनी लिहिली गेली, आणि हानोईच्या त्या नावावरूनच युरोपीयांनी उत्तर व्हिएतनामला ‘टोंकिन’ म्हटले. हे धागे जोडण्याचे काम वाचकालाच निरनिराळी पाने उघडून करावे लागते.

चीनमध्ये १९५६ च्या सुधारणेने या अक्षराला पाच रेघांचे, भरभर लिहिण्याच्या वळणदार हस्ताक्षरातून आलेले रूप दिले. जपानने आणि तैवानने जुने ठेवले. विक्शनरीत या सोप्या रूपाचे पान वेगळे आहे, पण त्यावर फारसे काही नाही; सविस्तर मजकूर सारा पारंपरिक रूपाच्या पानावर. मुख्य भूमीतील चिनी शिकणाऱ्याने ते तुटपुंजे पान पाहून कोशच अपुरा आहे असे ठरवू नये, तिथल्या दुव्यावरून पुढे जावे.