हार्डनर म्हणून मला थिनर विकला

स्कूटरची पॅनल घरी रंगवायच्या विचारात असाल तर हे आधी वाचा. माझे पैसे गेलेच, पण त्याहून जास्त जीव जळतो तो चार रविवार राबलो त्याचा.

स्कूटर आठ वर्षांची. अंगणातल्या उन्हाने लाल रंग उडून गुलाबी पडला होता आणि डाव्या पॅनलवर चप्पल घासून घासून खालचं काळं प्लास्टिक दिसायला लागलं होतं. इथे गोव्यात, डिचोलीत एका गॅरेजवाल्याने ७ हजार सांगितले. मावसभावाकडे छोटा कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन होती, म्हणून म्हटलं घरीच करूया. रंग तोच ठेवला, कारण आरसीत लाल लिहिलेलं आहे. साबणाने धुणं, ४०० नंबरचा घासायचा पेपर पाण्यात भिजवून घासणं, उघड्या प्लास्टिकला प्लास्टिक प्रायमर, मग ८०० चा पेपर, मग लाल रंगाचे तीन हात. इथवर सगळं मनासारखं झालं.

राहिला होता वरचा क्लिअर, म्हणजे रंगावर मारायचा पारदर्शक चमकदार थर. टू-के क्लिअर दोन भागांत येतो, क्लिअर आणि हार्डनर. दोन्ही एकत्र केले की त्यांची रासायनिक क्रिया होऊन थर कडक होतो आणि पेट्रोल सांडलं तरी टिकतो. हार्डनर नसेल तर क्लिअर वरवर वाळतो, पण आतून कच्चाच राहतो.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलो होतो, तेव्हा तिथल्या एका रंगाच्या दुकानात शिरलो. सीलबंद सेट महाग होता. दुकानदार म्हणाला, तुला एवढा कशाला, सुटा देतो. पाण्याच्या बाटलीत ४०० मिली क्लिअर, दुसऱ्या छोट्या बाटलीत २०० मिली 'हार्डनर', वर मार्करने २:१ लिहिलेलं. ९५० रुपये. बिल मागितलं तर, "बिल कित्याक जाय, पात्रांव? बिल केल्यार अठरा टक्के चड पडटले." (बिल कशाला हवं, मालक? बिल केलं तर अठरा टक्के जीएसटी जास्त पडेल.) मी गप्प बसलो. तिथेच चुकलो.

क्लिअर मारला तेव्हा आरशासारखी चमक आली. आई दोनदा बाहेर येऊन बघून गेली. हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट, रुमालाने भागत नाही, म्हणून मी वाफ गाळणाऱ्या फिल्टरचा मास्कसुद्धा मुद्दाम विकत आणला होता.

तीन आठवड्यांनी पंपावर टाकी भरताना थोडं पेट्रोल बाजूच्या पॅनलवर ओघळलं. तिथल्या पोराने लगेच फडक्याने पुसलं. फडकं लाल झालं. पॅनलवर हाताच्या पंजाएवढा डाग, कडेला क्लिअर सुरकुतलेला. बोट लावलं तर चिकट लागलं आणि माझा ठसा तिथे उमटला.

दुकानात गेलो. आधी म्हणाला पावसात मारला असशील. रंग फेब्रुवारीत मारला होता. मग म्हणाला थिनर, म्हणजे रंग पातळ करायचं द्रव, जास्त घातलास. मी थिनर थेंबभरही घातला नव्हता. शेवटी म्हणाला, हा माल माझ्याकडचा कशावरून?

उरलेल्या बाटल्या घेऊन साखळी गावातल्या एका जुन्या पेंटरकडे गेलो. त्याने हार्डनरची बाटली हातात घेतली, झाकण फिरवलं आणि लगेच मान हलवली. खरा हार्डनर हवेतला दमटपणा ओढतो. एकदा उघडलेली बाटली आपल्या गोव्याच्या हवेत काही आठवड्यांत दाटायला लागते, झाकण आट्यांना चिकटून बसतं. माझं झाकण दोन बोटांनी सुटलं आणि आत पाण्यासारखं पातळ. त्याने दोन झाकणं घेतली. एकात माझा क्लिअर माझ्या बाटलीतल्या हार्डनरबरोबर, दुसऱ्यात त्याचा सीलबंद सेटमधला माल, दोन्ही मापून कालवले आणि सावलीत ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याच्या झाकणातला थर नखाने दबत नव्हता, थिनरचं फडकं फिरवलं तरी काही झालं नाही. माझा अजून मऊच होता आणि फडक्याबरोबर निघून आला. वास घेऊन तो म्हणाला, हा साधा थिनर.

ही झाकणाची परीक्षा मला आधी कोणी सांगितली असती तर! दोन चमचे माल आणि एक रात्र, एवढंच लागतं. सीलबंद डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन, किंमत, महिना-वर्ष छापलेलं असतं. मार्करने लिहिलेल्या बाटलीवर यातलं काहीच नव्हतं आणि मी ते डोळ्यांनी बघूनही घेतलं. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला, तर पहिला प्रश्न बिलाचाच. माझ्याकडे फक्त यूपीआयचा मेसेज आहे, त्यात ९५० रुपये दिसतात, काय घेतलं ते दिसत नाही. तरी तक्रार दिली आहे.

पॅनल परत उतरवली आहेत. चिकट थर काढताना घासायचा पेपर सतत भरून येतो, लाल रंगही सोबत गेला, म्हणजे प्रायमरपासून पुन्हा. या वेळी सीलबंद सेट आणला, बिलासकट, १६०० रुपये. काल रात्री झाकणात थोडा कालवून पडवीच्या कठड्यावर ठेवला आहे. तो नखाने दाबून बघितल्याशिवाय गन हातात घेणार नाही.