एलडॅप३ मधली पानापानाने शोध घेण्याची सोय: काही महिन्यांच्या वापरानंतर

रोज रात्री ॲक्टिव्ह डिरेक्टरी (मायक्रोसॉफ्टची खाती सांभाळणारी डिरेक्टरी) आणि एका ओपनएलडॅप सर्व्हरवरची (तसलाच ओपन सोर्स सर्व्हर) सगळी खाती वाचायची आणि आमच्या डेटाबेसशी ताळमेळ घालायचा, हे काम पायथनच्या एलडॅप३ लायब्ररीवर (एलडॅप म्हणजे अशा डिरेक्टरींशी बोलायचा प्रोटोकॉल) आता बरेच महिने चालू आहे. साधा शोध टाकला तर ॲक्टिव्ह डिरेक्टरी मूळ सेटिंगमध्ये १००० नोंदींवर हात आखडता घेते आणि एरर कोड ४ देते, म्हणजे मर्यादा ओलांडली. त्यामुळे पेजिंगला, म्हणजे नोंदी पानापानाने मागण्याला, पर्याय नाहीच. प्रश्न एवढाच की ते लायब्ररीवर सोडायचं की लूप स्वतः लिहायचा.

माझं मत: नव्वद टक्के कामांना लायब्ररीचा जनरेटर (एकेक नोंद देत जाणारं फंक्शन) पुरतो. आत जे चालतं ते सोपं आहे. आरएफसी २६९६ हा इंटरनेट प्रोटोकॉलच्या तपशिलांचा १९९९ सालचा दस्तऐवज. त्यानुसार शोधासोबत एक कंट्रोल (जोडीची जादा सूचना) जातो, त्यात पेज साइज आणि सुरुवातीला रिकामी कुकी (कुठवर वाचलं याची सर्व्हरची खूण). सर्व्हर एक पान देतो आणि नवी कुकी देतो; तीच कुकी जशीच्या तशी परत पाठवायची. बेस (शोध कुठून), फिल्टर (कुठल्या अटीने), ॲट्रिब्यूट (नोंदीतली कुठली माहिती) सगळं पहिल्यासारखंच ठेवायचं, पेज साइज मात्र मधे बदलली तरी चालते. कुकी रिकामी आली की शोध संपला.

हे शेवटचं वाक्य लोक वाचतात आणि तरी लूपमध्ये वेगळंच लिहितात. ‘मागितल्यापेक्षा कमी नोंदी आल्या म्हणजे हे शेवटचं पान’ हा तर्क मी परक्या कोडमध्ये वारंवार पाहिला आहे. पेज साइज ५००० मागा, ॲक्टिव्ह डिरेक्टरी निमूटपणे १०००च देईल, आणि असा लूप पहिल्याच पानावर खूश होऊन थांबेल. एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि खाती मात्र गायब. पानात शून्य नोंदी असल्या तरी कुकी भरलेली असेल तर पुढे जायचंच. एकूण नोंदींच्या अंदाजासाठी उत्तरात जागा आहे, पण सर्व्हर तिथे शून्य टाकू शकतो, म्हणून प्रोग्रेस बार त्यावर बांधू नये.

ओपनएलडॅपचा स्वभाव वेगळा. तिथली ५०० नोंदींची मूळ मर्यादा पेजिंगने टळत नाही, कारण ती सगळ्या पानांची मिळून मोजली जाते. शंभर-शंभर नोंदींची पाच पानं नीट येतात आणि मग कोड ४. यावर कोडमध्ये इलाज नाही. ॲडमिनला सांगून आमचा प्रोग्राम ज्या खात्याने जोडतो त्या सर्व्हिस अकाउंटसाठी एकूण पेज्ड नोंदींची मर्यादा वाढवून घ्यावी लागते. लायब्ररी बदलून काही होत नाही, हे टीमला पटवण्यातच जास्त वेळ गेला.

जनरेटरचा एक गुण तोच त्याचा दोषही आहे. तुम्ही नोंदी मागाल तसा तो पुढचं पान आणतो. मेमरी वाचते, पण प्रत्येक नोंदीमागे कोड दुसऱ्या एखाद्या एपीआयची वाट पाहत बसला तर दोन पानांच्या मधे कनेक्शन रिकामं पडून राहतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरी मूळ सेटिंगमध्ये ९०० सेकंद निष्क्रिय असलेलं कनेक्शन तोडते. कनेक्शन गेलं की हातातल्या कुकीचा भरवसा नाही, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आम्ही आधी सगळी पानं भराभर वाचून फाइलमध्ये उतरवतो आणि प्रक्रिया नंतर करतो. पेज साइज ५०० ठेवली आहे. लायब्ररीची मूळ १०० म्हणजे उगाच फेऱ्या.

अजून दोन गोष्टी बदलून घ्या. पेजिंगचा कंट्रोल लायब्ररीत मुळात ‘क्रिटिकल’ (पाळणं सक्तीचं) नसतो, त्यामुळे ज्या सर्व्हरला तो कळत नाही तो त्याकडे काणाडोळा करून साधा शोध चालवतो. क्रिटिकल केलात तर सरळ कोड १२ मिळतो, म्हणजे हा कंट्रोल इथे चालत नाही, आणि काय बिनसलं ते कळतं. दुसरं, डोमेनच्या मुळापासून शोधलं तर खात्यांच्या मधेच रेफरल, म्हणजे ‘हे दुसरीकडे शोधा’ असे निर्देश, येतात. नोंदीचा प्रकार तपासून ते गाळायचे, नाहीतर ॲट्रिब्यूट वाचताना कोड आपटतो.

आणि पेजिंग नोंदींचं असतं, नोंदीच्या आतल्या मूल्यांचं नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत मोठ्या ग्रुपचे सदस्य मागितले तर ‘मेंबर’ रिकामं दिसतं आणि शेजारी ‘मेंबर;रेंज=०-१४९९’ असं वेगळंच नाव येतं. पुढचे सदस्य १५०० पासून पुन्हा मागावे लागतात. एलडॅप३ हे तुकडे स्वतः जोडते. स्वतःचा कच्चा लूप लिहिणाऱ्यांनी हे आधी पाहावं, कारण सदस्य नसलेला ग्रुप आणि हजारो सदस्यांचा ग्रुप पहिल्या नजरेला सारखेच दिसतात.

वेब स्क्रीनवरच्या ‘पुढचं पान’ बटणासाठी मात्र हे वापरू नका. मागे जाता येत नाही, थेट सातव्या पानावर उडी मारता येत नाही, आणि प्रत्येक वापरकर्त्यामागे एक कनेक्शन अडकून पडतं. उडी हवीच असेल तर व्हर्च्युअल लिस्ट व्ह्यू नावाचा वेगळा कंट्रोल आहे, पण त्यासोबत सर्व्हरकडून सॉर्टिंगही करून घ्यावं लागतं आणि प्रत्येक सर्व्हरवर तो चालू असेलच असं नाही. आमची स्क्रीन रात्री भरलेल्या डेटाबेसवरच चालते.