टीसीसीएच्या भावात टीसीएल

अलिबागजवळच्या घरी आमचा छोटा स्विमिंग पूल आहे, साधारण 40,000 लिटरचा. त्याचं पाणी स्वच्छ ठेवायला दर उन्हाळ्यात टीसीसीए, म्हणजे पूलमध्ये टाकायचं क्लोरीनचं रसायन, आणतो. त्यात 90 टक्के क्लोरीन, शिवाय त्यातलं सायन्युरिक ॲसिड ते उन्हात टिकवून धरतं. यंदा नेहमीच्या माणसाकडे माल नव्हता. दुसऱ्या एका पूलवाल्याने "तेच आहे साहेब, फक्त पावडरमध्ये" म्हणत 300 रुपये किलोने 25 किलोचा ड्रम दिला. ड्रमवर लेबल नाही, बिलावर नुसतं 'टी. सी. पावडर'. तेव्हाच खटकायला हवं होतं, पण शनिवारी पाहुणे यायचे होते.

नेहमीच्या मापाने रोज संध्याकाळी 90 ग्रॅम टाकत गेलो. चौथ्या दिवशी पाणी हिरवट, आणि तळाला पिठासारखा पांढरा थर. फोन केला, तर म्हणे, "ऊन किती आहे बघा, डोस दुप्पट करा." केला. पाणी आणखी गढूळ झालं आणि वाळूचा फिल्टर चोंदायला लागला.

चोरी पकडली ती ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने. नळाच्या कामाला आले होते, ड्रम उघडाच होता. "हे तर आमचं विहिरीत टाकायचं टीसीएल!" त्यांनी चमचाभर पावडर काचेच्या ग्लासात ढवळून ठेवली. थोड्या वेळाने वर निवळ पाणी, खाली चुना. टीसीसीए विरघळायला वेळ घेतं, पण असा गाळ ठेवत नाही.

म्हणजे साधी ब्लीचिंग पावडर. ताजी असली तरी क्लोरीन जेमतेम 33 टक्के, कोकणच्या दमट हवेत तेही उतरत जातं. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर ग्रामपंचायतसुद्धा विहिरीत टाकत नाही. त्यात सायन्युरिक ॲसिड नाहीच, त्यामुळे रात्रीतून जे काही उरे ते सकाळच्या उन्हात उडून जाई. पूलवाल्याचं ऊन तेवढं खरं होतं! बाजारात हीच पावडर 40 रुपये किलो.

पैसे गेले ते गेले. गेल्या वर्षीच्या उरलेल्या टीसीसीएच्या गोळ्या मी त्याच ड्रममध्ये ओतणार होतो, जागा वाचेल म्हणून. ही दोन एकत्र आली आणि ओल लागली, की विषारी वायू सुटतो, भडकाही उडू शकतो. गोळ्यांची बरणी हातात होती माझ्या.

आता कंपनीचं सील, बॅच नंबर आणि क्लोरीनचा टक्का छापलेला नसेल तर ड्रम गाडीतून उतरूच देत नाही. पूलवाल्याला मात्र एकदा जाब विचारला. शांतपणे म्हणाला, "दोन्हीत क्लोरीनच ना साहेब? आणि बिलावर मी कुठे टीसीसीए लिहिलंय?"